मॅरिलिन रॉसची 'डार्क शॅडोज' पॉकेटबुकं: जमवणाऱ्यांनो, इकडे या

काजळमाया_६६
जुन्या पुस्तकांच्या गठ्ठ्यात काळा झगा आणि लांडग्याच्या तोंडाची चांदीची मूठ असलेली काठी दिसली आणि सगळं परत आठवलं. एबीसी या अमेरिकन वाहिनीवरची १९६६ ते १९७१ ची 'डार्क शॅडोज' ही भयमालिका, तिच्यावर पेपरबॅक लायब्ररी या प्रकाशनाने काढलेल्या ३२ कादंबऱ्या. मॅरिलिन रॉस म्हणजे कॅनडातल्या न्यू ब्रन्सविकचे डॅन रॉस, बायकोचं नाव पुढे करून लिहिणारे. संच जमवताना काय बघायचं, काय टाळायचं, ते इथे लिहा. कथा कुणी सांगू नका, नवीन मंडळी वाचतायत.

पिवळंपान
पहिलं काम, कॉपीराइटचं पान उघडा. पहिली छपाई, दुसरी छपाई, महिना, वर्ष सगळं तिथे असतं. पहिला भाग डिसेंबर १९६६ चा. विकणारा नुसतं 'ओरिजिनल १९६६' म्हणाला तर त्या पानाचा फोटो मागा, नाहीतर कॉपीराइटचं वर्ष दाखवून चौथी छपाई पहिली म्हणून गळ्यात मारतात.

न्यूजर्सीकर
त्याहून सोपी खूण. पहिल्या पाच भागांत बार्नबस (मालिकेतला रक्तपिशाच्च, तो काठीवाला) नाहीच, तो येतो सहाव्यात (१९६८). तरी १ ते ५ च्या मुखपृष्ठावर त्याचा फोटो दिसला तर ती नंतरची छपाई. टीव्हीवर तो गाजल्यावर जुन्या भागांवरही चिकटवला. मूळ मुखपृष्ठं चितारलेली आहेत, वाडा आणि घाबरलेली बाई.

कसरमारे
वाडा आणि पळणारी बाई, म्हणजे त्या काळातली निम्मी पुस्तकं 😄

पिवळंपान
निम्मी कसली, पाऊण!

विदिशा_ठाणे
चेटूकवालेच हवे असतील तर ११ वा (वॉरलॉक) आणि १५ वा (जिप्सी विच) आधी घ्या. मधले भाग बरेच मिळतात. कठीण काम शेवटच्यांचं. मालिका १९७१ च्या एप्रिलमध्ये संपली, पुस्तकं १९७२ पर्यंत चालली, तोवर गिऱ्हाईक पांगलं होतं. म्हणून ३० ते ३२ आधी शोधा, स्वस्तातले नंतर. लोक उलटं करतात आणि एकोणतिसावर येऊन अडकतात.

न्यूजर्सीकर
+१. आणि 'हाउस ऑफ डार्क शॅडोज' (१९७०) सिनेमावरून लिहिलेलं, नावही रॉसचंच, पण ३२ च्या बाहेर. विनोदांचं आणि पिशाच्चकथांचं अशी दोन पुस्तकंही त्याच प्रकाशकाची आहेत, ती या आकड्यांत धरू नका. 'पूर्ण संच' म्हणणाऱ्याला आकडे एकेक करून विचारा.

कसरमारे
आता माझा विषय. हा कागद लाकडाच्या लगद्याचा, आम्लयुक्त, पिवळा पडणारच. आपण फक्त वेग कमी करू शकतो. ऊन नको, दमट भिंत नको, लोखंडी कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवून तर अजिबात नको. आर्द्रता ५० टक्क्यांच्या आत ठेवा, साधा आर्द्रतामापक कपाटात ठेवला की कळतं. सिलिका जेलच्या पुड्या रंग बदलल्या की ओव्हनमध्ये वाळवून परत वापरायच्या. डांबरगोळ्या नकोत, वास कागदात मुरतो तो जात नाही.
कसर दिसली तर पुस्तक झिपच्या पिशवीत हवा काढून बंद करा, घरच्या डीप फ्रीजरमध्ये दोन आठवडे. बाहेर काढल्यावर पूर्ण दिवस पिशवी उघडायची नाही. घाई केली तर गार कागदावर दव बसतं आणि कसरीच्या जागी बुरशी येते.

मंदा_ताई
पिशवीत मासे ठेवलेल्या फ्रीजरमध्ये चालेल का? घरात विचारतायत

कसरमारे
ताई, दोन पिशव्या घाला. आधी पुस्तक मग मासे, उलट नको 😂

जिल्दवाला
कण्याबद्दल कुणी बोललंच नाही. ही शिवलेली पुस्तकं नाहीत, पानांच्या कडा कापून नुसता गोंद लावलाय. पन्नास वर्षांत तो काचेसारखा कडक होतो. काटकोनापेक्षा जास्त उघडलं की मधोमध तडकतो, मग पानं गठ्ठ्याने सुटतात. वाचायला वेगळी फाटकी प्रत ठेवा.
पान सुटलं तर आम्लरहित पीव्हीए (पुस्तकबांधणीचा गोंद) वापरा, साध्या पांढऱ्या सुतारी गोंदाने कागद पुढे पिवळा पडतो. टोकदार काडीने कडेला जेमतेम एक मिलिमीटर रेघ ओढा, पान बसवा, दोन्ही बाजूंना मेणकागद, वर वजन, रात्रभर. गोंद जास्त झाला तर शेजारची पानं चिकटतात आणि वेगळी करताना छापलेलं निघून येतं. सेलोटेप लावणाऱ्याला माझ्यासमोर आणू नका.

विदिशा_ठाणे
किमतीचं स्टिकर कसं काढता? मुखपृष्ठाचा रंगच निघून येतो

जिल्दवाला
हेअर ड्रायर मंद आचेवर अर्धा मिनिट, हलवत राहा. मग कोपरा उचलून जवळजवळ आडवं ओढा, वर नाही. चिकटपणा उरला तर लायटरचं पेट्रोल कापसावर, आधी कोपऱ्यात तपासून. गॅसपासून लांब. खडबडीत, चकाकी नसलेल्या कागदावर करू नका, डाग पडतो.

आजोबांचं_वाचनालय
आपल्याकडच्या वाचनालयांनी बाबूराव अर्नाळकरांचं काय केलं बघा. मुखपृष्ठ फाडून पुठ्ठ्याची जिल्द, चारी कडा कापून सारख्या, वर शिक्का. अर्नाळकर हेही टोपणनावच, खरे चंद्रकांत सखाराम चव्हाण. मुखपृष्ठासकट प्रत दिसली की भाव विचारत बसू नका.

पिवळंपान
काका, त्यावर वेगळा धागा काढा ना! इथे सगळे वाहवत जातील.

मंदा_ताई
परदेशातून मागवताना?

न्यूजर्सीकर
फोटो सहा मागा: पुढचं, मागचं, कणा, वरची कड, कॉपीराइटचं पान आणि शेवटचं पान. तिथे ऑर्डरचं कुपन असायचं, ते कात्रीने कापलेलं असेल तर मागच्या बाजूचाही तुकडा गेला. एकेक मागवू नका, टपाल पुस्तकापेक्षा महाग पडतं. एकाच्या पत्त्यावर गोळा करा, येणाऱ्याच्या बॅगेतून आणा. एक प्रत साधारण शंभर ग्रॅम, अख्खा संच सव्वातीन किलोच्या आसपास. बॅगेत आडवी ठेवा, एकाआड एक कणा उलटसुलट, म्हणजे गठ्ठा तिरका होत नाही.

काजळमाया_६६
डिसेंबरमध्ये कोण येतंय तिकडून? माझा ३१ वा राहिलाय.

न्यूजर्सीकर
मेहुणा येतोय पुण्याला. पण त्याची बॅग आधीच बेसन लाडवांच्या डब्यांनी बुक आहे, ती जाताना. येताना रिकामी. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.