‘हॉर्मोन बॅलन्स’ करणाऱ्या वनस्पती: गुण किती, गाजावाजा किती?

निरगाठ: ‘हॉर्मोन बॅलन्स करते’ एवढंच लिहिलेली पूड घेऊच नये, असं माझं मत. कुठलं हॉर्मोन, किती दिवसांत, मोजायचं कशावरून? सांगता येत नसेल तर तो दावाच नव्हे.

गवतीचहा: म्हणून सगळंच मोडीत काढू नका. पाळीच्या दुखण्यावर सुंठ: 250 मिलिग्रॅम, दिवसातून चारदा, पहिले तीन दिवस. एका चाचणीत आयबुप्रोफेन या वेदनाशामक गोळीइतकाच आराम मिळाला होता. (सपाट पाव चहाचमचा म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम, एका वेळेला त्याच्या निम्मी.) फसतं ते दुखणं शिगेला पोचल्यावर घेतल्यामुळे. गर्भाशय आवळणारी प्रोस्टाग्लँडिन्स पहिल्या दोन दिवसांतच जास्त सुटतात, म्हणून रक्तस्राव दिसताच सुरुवात करायची.

निरगाठ: त्या चाचणीत 150 जणी, तीन गट, आणि खोटी गोळी घेणारा गटच नव्हता! तिसऱ्या दिवशी दुखणं आपसूक उतरतंच की. शिवाय यात हॉर्मोन बॅलन्स कुठे आला? तुमचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे.

पानफूल: मग हॉर्मोनवर चालणारं घ्या: चेस्टबेरी, म्हणजे व्हायटेक्स अ‍ॅग्नस-कास्टस. आपली निर्गुडी ही व्हायटेक्स नेगुंडो, तिची चुलत बहीण. निर्गुडीची पानं उकळून चेस्टबेरीचा गुण मागू नका. चेस्टबेरी मेंदूतल्या डोपामिन या रसायनाच्या ग्राहींवर (ते जिथे चिकटतं त्या जागांवर) काम करून प्रोलॅक्टिन, म्हणजे दूध आणणारं हॉर्मोन, उतरवते. पाळीआधीची चिडचिड आणि स्तनांचा ठणका यांसाठी रोज 20 मिलिग्रॅम प्रमाणित अर्क, सलग तीन पाळ्या. एका महिन्यात गुण नाही म्हणून सोडू नये. मेटोक्लोप्रामाइड (उलटीवरचं औषध) किंवा मनोविकाराची औषधं चालू असतील, तर नकोच.

निरगाठ: हे मान्य. पण पाळी चुकत असेल किंवा स्तनांतून स्राव येत असेल, तर आधी प्रोलॅक्टिन तपासा. पिट्यूटरीची (मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीची) गाठ असेल तर अर्काने आकडा थोडा उतरेल आणि निदान लांबेल. पीसीओएसमध्ये (अंडाशयाच्या ज्या विकारात पुरुषी हॉर्मोन वाढून नको तिथे केस येतात) पुदिन्याच्या चहाचंही तसंच, नुसता आकडा उतरतो. 30 दिवसांत रक्तातलं मोकळं टेस्टोस्टेरॉन (ते पुरुषी हॉर्मोन) उतरलेलं दिसलं, पण मोजणीत केस होते तेवढेच. केसांचं चक्र महिन्यांचं असतं, महिन्यात काय दिसणार?

गवतीचहा: आणि एक राहिलंच. मन थाऱ्यावर राहावं म्हणून सेंट जॉन्स वर्ट ही वनस्पती घेतात आणि जोडीला गर्भनिरोधक गोळी चालूच. वर्टमुळे यकृत गोळीतली हॉर्मोन्स झपाट्याने संपवतं. दोन पाळ्यांच्या मधेच रक्ताचा डाग दिसू लागला तर तो इशारा समजा. वर्ट बंद केल्यावरही चार आठवडे दुसरं साधन वापरायचं.