फाइव्ह स्टार एसीचे जादा पैसे नेमके कोणाचे वसूल होतात?

कोथरूडकर

शयनगृहासाठी दीड टनाचा एसी घ्यायचा म्हणून गेल्या पंधरवड्यात तीन दुकाने पालथी घातली, आणि तिन्ही ठिकाणी विक्रेत्याने मला थ्री स्टारच्या यंत्राकडे वळून पाहूही दिले नाही. ‘जादाचे पैसे वीजबिलातच सुटतात’ हे वाक्य तिघांच्याही तोंडी होते. कोणाच्या घरी, किती वापरात आणि किती वर्षांत सुटतात, हे मात्र एकालाही सांगता आले नाही. म्हणून घरी येऊन कागद-पेन्सिल घेऊन बसलो.

यंत्रावरच्या तारांकनाच्या लेबलावर वर्षाला लागणाऱ्या युनिटांचा जो आकडा छापलेला असतो, तो वर्षाकाठी १६०० तासांचा वापर गृहीत धरून काढलेला असतो. मी पाहिलेल्या दोन यंत्रांपैकी थ्री स्टारवर सुमारे ९८० आणि फाइव्ह स्टारवर सुमारे ७६० युनिटे होती, म्हणजे फरक २२० युनिटांचा. आता माझा वापर पाहा. मार्चच्या मध्यापासून जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, तेही रात्रीचे पाच तास, अशा फार तर ऐंशी रात्री धरल्या तरी ४०० तासच भरतात. बचत त्याच प्रमाणात पाव होते आणि ५५ युनिटांवर येते. वहन आकार आणि वीज शुल्क धरून मला युनिट साधारण १३ रुपयांना पडते, तेव्हा वर्षाला ७१५ रुपये वाचतील. दोन यंत्रांच्या किमतीत फरक आहे ९,००० रुपयांचा. तो भरून निघायला साडेबारा वर्षे लागतील, आणि तोवर यंत्रातली पीसीबी (यंत्र चालवणारी इलेक्ट्रॉनिक पाटी) तग धरेल याची हमी विक्रेताही देत नाही.

माझे मत असे की पुण्यासारख्या ठिकाणी, जिथे रात्री हवा बऱ्यापैकी उतरते, तिथे हे नऊ हजार गच्चीला पांढरा उष्णतारोधक रंग देण्यावर, पश्चिमेच्या खिडकीबाहेर छज्जा किंवा बांबूच्या काड्यांचा पडदा लावण्यावर आणि उरले तर पंखा बदलण्यावर खर्च करावेत. एसीची साफसफाई तर घरच्या घरी होते. तिच्यावर खर्च करण्याचे कारणच नाही.

ठाणेकर

हिशेबाची पद्धत मान्य, पण निष्कर्ष फक्त आपल्या घरापुरता खरा आहे, आणि शीर्षकात आपण प्रश्न सर्वांसाठी मांडला आहे.

आमच्याकडे एसी मार्चमध्ये सुरू होतो, पावसाळ्यातल्या कोंदट रात्रींनाही चालतो आणि ऑक्टोबरचा उकाडा संपेपर्यंत थांबत नाही. रोज आठ तास आणि वर्षाला दोनशे रात्री धरल्या तर बरोबर १६०० तास होतात, म्हणजे लेबलावरचा आकडा जणू आमच्यासाठीच छापला आहे. शिवाय आपण एक गोष्ट नजरेआड केली. घरगुती वीजदर टप्प्याटप्प्याने चढतो, आणि एसीची युनिटे पंखे, फ्रिज, गिझर यांच्या डोक्यावर येऊन बसतात. त्यामुळे वाचलेले युनिट हे नेहमी सर्वांत महागड्या टप्प्यातले असते. आमचे बिल उन्हाळ्यात ३०० युनिटांची मर्यादा ओलांडते आणि तिथून पुढचे प्रत्येक युनिट १६ रुपयांच्या आसपास पडते. २२० युनिटे वाचली तर साडेतीन हजार रुपये होतात. आपले नऊ हजार आमच्याकडे तिसऱ्या उन्हाळ्यातच वसूल होतात.

वैदर्भीय (नागपूर)

आपण दोघेही यंत्र कोणते घ्यावे यावर भांडत आहात. मुळात यंत्र हवे का, हा प्रश्न कोणीच विचारला नाही.

मे महिन्यात आमच्याकडे पारा ४४ अंशांवर असतो, पण हवेत ओलावा जेमतेम १५ ते २० टक्के असतो. अशा हवेत वाळ्याच्या किंवा लाकडी गवताच्या ताट्यांचा साधा कूलर खोलीत २८ अंशांच्या आसपासची हवा फेकतो आणि त्यासाठी जेमतेम दोनशे वॉट वीज घेतो. खिडकी उघडी ठेवावी लागत असल्याने खोलीत बाहेरची ताजी हवा खेळत राहते. एसी मात्र तीच ती कोंडलेली हवा रात्रभर फिरवतो. कूलरला पाणी लागते, आणि टाकी आठवड्यातून एकदा रिकामी करून घासली नाही तर डासांची पैदास होते, हे दोन्ही दोष मी लपवत नाही. पहिला पाऊस पडला की आमचाही कूलर अडगळीत जातो. पण त्या आधीच्या अडीच महिन्यांसाठी एसी घेणे मला तरी उधळपट्टी वाटते.

ठाणेकर

आपला कूलर मे महिन्यात ठाण्यात लावून पाहावा. बाहेर ३४ अंश आणि ओलावा सत्तर टक्के असताना तो फार तर चार-साडेचार अंश उतरवील, आणि त्या बदल्यात अंथरुणाला बुरशी आणील. आमच्या एसीच्या नळीखाली ठेवलेली दहा लिटरची बादली पावसाळ्यात सकाळपर्यंत भरते. आम्ही थंडाव्याइतकेच पैसे हे पाणी पिळून काढण्यासाठी मोजतो.

दुरुस्तीतला

एसी दुरुस्तीच्या व्यवसायात मला बावीस वर्षे झाली. कोथरूडकरांचे गणित चुकलेले नाही, पण त्यांच्या शेवटच्या वाक्याला माझी तीव्र हरकत आहे. तत्पूर्वी ठाणेकरांच्या बादलीविषयी थोडे सांगतो.

फाइव्ह स्टार यंत्राची कार्यक्षमता बऱ्याच अंशी मोठ्या कॉइलमधून, म्हणजे हवा गार करणाऱ्या नळ्या-पत्त्यांच्या जाळीतून येते. कॉइल मोठी असली की ती फार गार न होताही तेवढीच उष्णता खेचते, म्हणून वीज वाचते. मात्र जी कॉइल कमी गार, ती पाणीही कमी काढते. त्यात इन्व्हर्टर एसी (गरजेप्रमाणे कॉम्प्रेसरची गती कमी-जास्त करणारा) मध्यरात्रीनंतर मंद गतीवर येतो. त्यामुळे खोलीचे तापमान २४ दिसते आणि तरीही चादर चिकट लागते, अशी तक्रार मला मुंबई-ठाण्याकडच्या घरांतून जितकी येते तितकी पुण्यातून येत नाही. लोक मग २० वर लावतात आणि जादा स्टारनी वाचवलेली वीज तिथेच घालवतात. तारांकन ठरवणाऱ्या सरकारी ऊर्जा दक्षता ब्युरोच्या मते तापमान एक अंशाने वाढवले तर सुमारे सहा टक्के वीज वाचते. चार अंश उतरवल्यावर काय होते ते आपणच पाहावे. चिकटपणा वाटत असेल तर काही वेळ ड्राय मोड (ओलावा काढण्याची सेटिंग) लावावा आणि छताचा पंखा मंद ठेवावा.

आता साफसफाई. जाळीचे फिल्टर घरी धुवावेत. दर पंधरा दिवसांनी, साध्या पाण्याने, आणि सावलीत वाळवून परत बसवावेत. मात्र खरी घाण फिल्टरच्या मागे असते. ब्लोअरच्या पात्यांवर ओलसर धुळीचा काळा थर बसतो, निचऱ्याच्या नळीत शेवाळासारखा बुळबुळीत गोळा अडकतो आणि मग पाणी भिंतीवर उतरते. हे काढायला पीसीबी झाकून, खाली पिशवी बांधून, बेताच्या दाबाने पाणी मारावे लागते. घरी स्प्रेची बाटली घेऊन हे करणाऱ्यांनी जाळलेल्या पीसीबी मी दर उन्हाळ्यात बदलतो. कॉइलवर अॅसिड मारून पाच मिनिटांत चकाकी आणणारे कारागीर तर त्याहून वाईट, कारण त्याने अॅल्युमिनियमच्या पत्त्या खाल्ल्या जातात. बाहेरच्या युनिटला हात लावण्यासाठी कठड्यावर तर चढूच नये.

आणखी एक गोष्ट. गॅस ‘संपत’ नाही. तो बंद नळ्यांत फिरतो. कमी झाला असेल तर कुठेतरी गळतो आहे. दर वर्षी गॅस भरून देणारा माणूस गळती तशीच ठेवून पैसे घेतो आहे, असे समजावे. नाल्याजवळ किंवा खाडीजवळ राहणाऱ्यांच्या तांब्याच्या कॉइलला तिथल्या हवेतल्या गंधकाच्या वायूने बारीक छिद्रे पडतात. तिथे स्टार मोजण्याआधी कॉइलच्या हमीची मुदत वाचावी.

कोथरूडकर

ब्लोअरच्या बाबतीत माझे विधान मागे घेतो. मात्र वर्षाला दोन सर्व्हिसिंग सुचवणाऱ्या करारांना माझा विरोध कायम आहे. ४०० तास चालणाऱ्या यंत्राला एकदा पुरे.

दुरुस्तीतला

एकदा पुरे, हे मलाही मान्य, पण ती फेब्रुवारीत करून घ्यावी. एप्रिलमध्ये बोलावलेला माणूस दहा घरे उरकण्याच्या घाईत असतो. आणि जूनमध्ये यंत्र बंद करताना दोन तास नुसता पंखा चालवून कॉइल सुकवावी, अन्यथा आपले न वापरलेले नऊ महिने बुरशी वापरते. आपले बाहेरचे युनिट कुठे बसणार आहे?

कोथरूडकर

इमारतीच्या डक्टमध्ये (नळ वगैरेंसाठी सोडलेल्या अरुंद मोकळ्या पोकळीत), बिल्डरने जागाच तिथे ठेवली आहे.

दुरुस्तीतला

मग थ्री स्टार आणि फाइव्ह स्टार हा वादच तूर्त बाजूला ठेवावा. चहूबाजूंनी बंद असलेल्या डक्टमध्ये वरच्या-खालच्या मजल्यांची युनिटे एकमेकांची गरम हवा ओढतात, वर कबुतरांची घरटी असतात. लेबलावरचा कोणताही आकडा तिथे खरा ठरत नाही.

ठाणेकर

आमचे युनिट उघड्या गॅलरीत आहे, म्हणूनच आमचे पैसे सुटले असतील. हा भाग मी हिशेबात धरला नव्हता.

कोथरूडकर

आज दुकानात थ्री स्टारच नोंदवला. बाहेरचे युनिट गॅलरीच्या बाहेरच्या भिंतीवर घ्यायचे ठरले असून त्यासाठी यंत्रासोबत मिळणाऱ्या तीन मीटरवर आणखी चार मीटर तांब्याची नळी लागेल. तिचे पैसे वाचवलेल्या नऊ हजारांतूनच जातील. सोसायटीच्या सचिवांना परवानगीचे पत्र दिले आहे.