मार्टिन मोच्याची गोष्ट आणि आपलं ब्लँकेटवाटप

अमळनेरकर:
नाताळ आला की टॉलस्टॉयची १८८५ची ती गोष्ट पुन्हा फिरू लागते. बायकापोरं गेलेला, तळघरात राहणारा मार्टिन मोची. प्रभू म्हणतो, उद्या रस्त्याकडे लक्ष ठेव, मी येतोय. दिवसभर येतात ते बर्फ उपसून थकलेला म्हातारा शिपाई, उन्हाळी कपड्यात कुडकुडणारी लेकुरवाळी, सफरचंदवाली आजी आणि तिचं फळ उचलणारा पोरगा. रात्री उलगडा होतो की प्रभू याच रूपांत येऊन गेला.

आपल्याकडे थंडी कडक झाली की ऊसतोड मजुरांच्या कोप्यांवर, म्हणजे पाचटाच्या झोपड्यांवर, ब्लँकेटं वाटतात. गाडी थांबते, रांग लागते, फोटो निघतो, गाडी पुढच्या फडाला. मार्टिनने शिपायाला आत बोलावून चहा पाजला, पेला रिकामा झाला की पुन्हा भरला. त्या बाईला गरम सूप वाढलं, ती जेवेस्तोवर बाळ खेळवलं, हकीकत ऐकली. म्हणून तर कळलं की तिची शाल कालच गहाण पडलीय. मग अंगावर घालायला जुना कोट दिला आणि शाल सोडवायला पैसे. साने गुरुजी १९२४ ते ३० आपल्या अमळनेरात शिक्षक होते, छात्रालयातल्या पोरांची अंथरुणं आवरायचे, कंदील पुसायचे. विचारपूस न करता दिलेलं ब्लँकेट मला अपुरं वाटतं.

शहादेकर:
दादा, विचारपूस करून पुढे काय? धडगाव, अक्कलकुव्याची माणसं मुकादमाची, म्हणजे मजूर नेणाऱ्या ठेकेदाराची, उचल (आगाऊ पैसे) घेऊन गुजरातेत ऊसतोडीला जातात. हिशोब मुकादमाच्या वहीत. तुमच्या चहानं ती उचल फिटत नाही. त्या गोष्टीतली बाई व्यापाऱ्याच्या बायकोकडे काम मागायला गेली होती, तिला पुढच्या आठवड्यात ये म्हणाले. मार्टिन त्या दारात जाऊन एक शब्द बोलला का? मला तिथंच गोष्ट लंगडी वाटते.

भुसावळची ताई:
भाऊ, म्हातारा एकटा मोची. त्याच्या हातात होतं तेवढं त्यानं केलं. आणि ब्लँकेटवाल्यांना एवढं बोलू नका, रात्री प्लॅटफॉर्मवर झोपलेल्या म्हाताऱ्याला आधी ऊब लागते, हकीकत नंतर.

केळीवाला, रावेर:
माझा आक्षेप पोरावर. मार्टिन म्हणतो, सोड त्याला. वर टोपलीतलं एक सफरचंद त्यालाच देतो, म्हणे पैसे मी देईन. शेवटी आजी पैसे मागायचं विसरते आणि निघून जाते! म्हणजे दया मार्टिनची, तोटा आजीचा. आमच्या विहिरीवरची मोटारीची केबल रात्रीत कापून नेतात, ऐन पाण्याच्या पाळीत बाग वाळते. माफ कर म्हणणारा केबल भरून देतो का, भो?

अमळनेरकर:
तात्या, तोटा आजीचा झाला हे खरं, मार्टिननं पैसे हातावर ठेवायला हवे होते. पण आजी त्या पोराला पोलिसात नेणार होती, मार्टिननं आधी त्याला तिची माफी मागायला लावली. जाताना तोच पोरगा तिचं पोतं खांद्यावर घेतो. केबल चोरणाऱ्या टोळीला मी हे लावणार नाही, ते धंदेवाईक आहेत. भुकेल्या पोराला मात्र लावीन.

केळीवाला, रावेर:
पोराचं पटलं. केबलवाल्यांची तक्रार मी देणारच.

शहादेकर:
माझ्या प्रश्नाचं उत्तर राहिलंच. कोपीत बसा, चहा घ्या, सगळं करा. पण हंगामाआधी उचल आणि तोडीचा दर कागदावर घ्या, त्याची एक प्रत मजुराच्या हातात द्या, हे मुकादमाला सांगायला माझ्याबरोबर कोण येतंय?