पालकांचे काम वर्गणीपुरते नाही
जिल्हा परिषदेच्या शाळेत पालकांना स्नेहसंमेलनाच्या वर्गणीपलीकडे काही स्थान नसते, असे अनेकदा म्हटले जाते; हे मत मला पटत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या २१ व्या कलमानुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असाव्या लागतात, आणि शाळेचा विकास आराखडा तयार करणे ही त्याच समितीची जबाबदारी आहे. वर्गणीपेक्षा हे कितीतरी मोठे काम आहे.

आमच्या गावात पहिलीत येणाऱ्या मुलांच्या शाळापूर्व तयारीच्या पहिल्या मेळाव्यात मोजणीचे टेबल आयांनीच सांभाळले, आणि चिंचोक्यांचे ढीग मांडून कमी-जास्त ओळखून घेताना, सुट्टीत घरी मुलांकडून काय करून घ्यायचे हेही त्यांना नेमके उमगले. जूनमधल्या दुसऱ्या मेळाव्यासाठी आपापल्या शाळेत आत्ताच विचारणा करावी, कारण घरी मुलांची तयारी करून घेणाऱ्या आयांचे गट, म्हणजे माता गट, त्याआधीच तयार होतात.