मदत हवी आहे: मॅगेनिन घातल्यावर लायपोसोममधली (लिपिडांच्या सूक्ष्म पोकळ पिशव्यांमधली) गळती मध्येच का थांबते?

नमस्कार मंडळी,

पीएचडीचं दुसरं वर्ष आहे. गेले तीन आठवडे एकाच आलेखापाशी अडकले आहे. आमच्याकडे पेशींच्या पटलांवर काम करणारं दुसरं कुणी नाही, म्हणून इथे विचारतेय. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावं.

माझं पेप्टाइड (अमिनो आम्लांची छोटी साखळी) मॅगेनिन-२. आफ्रिकेतल्या नखवाल्या बेडकाच्या कातडीतलं, २३ अमिनो आम्लांचं. शस्त्रक्रिया करून टाकीच्या अस्वच्छ पाण्यात परत सोडलेल्या बेडकांच्या जखमा चिघळत नाहीत, हे मायकेल झासलॉफ यांच्या लक्षात आलं आणि १९८७ साली त्यांनी ते शोधून काढलं. ही हकिकत वाचूनच मी हा विषय घेतला.

मला समजलेलं असं: पाण्यात ते सैल असतं, ऋण प्रभाराच्या पटलाला चिकटलं की त्याची हेलिक्स (मळसूत्री गुंडाळी) होते. धन प्रभाराची चारही लायसिन एका अंगाला, तेलकट अमिनो आम्लं दुसऱ्या. जिवाणूच्या पटलात पीजीसारखी (फॉस्फॅटिडिलग्लिसरॉल) ऋण लिपिडं भरपूर. आपल्या पेशींचा बाहेरचा थर मुख्यतः पीसी (फॉस्फॅटिडिलकोलीन) आणि स्फिंगोमायलिन या एकूण प्रभार नसलेल्या लिपिडांचा, ऋण पीएस (फॉस्फॅटिडिलसेरीन) आतल्या बाजूला, शिवाय कोलेस्टेरॉल. म्हणून ते जिवाणूंवर तुटून पडतं आणि आपल्या पेशींना फारसं लागत नाही.

प्रयोग: पीसी-पीजी ७:३, १०० नॅनोमीटरच्या फिल्टरमधून काढलेले लायपोसोम, आत ७० मिलिमोलर कॅल्सीन हा चमकणारा रंग. इतक्या दाटीत कॅल्सीन चमकत नाही. बाहेर पडून विरळ झालं की चमकतं. लिपिड ५० मायक्रोमोलर, पेप्टाइड १. गळतीचा आलेख पहिल्या दोन-तीन मिनिटांत सरसर चढतो आणि ४० टक्क्यांच्या आसपास आडवा होतो. अर्धा तास थांबले तरी हलत नाही. शेवटी ट्रायटन (पटल फोडणारा साबण) घातलं की लगेच १००, म्हणजे रंग आत शिल्लक होता. भोक पडलंय तर सगळं का गळत नाही? पेप्टाइड संपलं म्हणायचं का?

आणखी एक: नुसत्या पीसीच्या लायपोसोममधून पेप्टाइड न घालताही ८ टक्के गळती दिसते.

दुर्वा यांचं उत्तर:

ताई, पेप्टाइड संपलेलं नाही. ते आतल्या थरावर गेलंय.

सुरुवातीला ते फक्त बाहेरच्या थरात, लिपिडांच्या डोक्यांच्या मध्ये आडवं रुतून बसतं. त्यामुळे बाहेरचा थर पसरू पाहतो, आतला मात्र होता तेवढाच राहतो. हा ताण एका मर्यादेपलीकडे गेला की तिथे भोक पडतं. लिपिडांची डोकी त्या भोकाच्या काठावरून वळून आतल्या थराला जाऊन मिळतात आणि त्यांच्या मध्ये पेप्टाइडं उभी असतात. हे भोक थोडाच वेळ टिकतं. ते मिटताना काही पेप्टाइडं पलीकडे, आतल्या थरावर जातात. दोन्ही थर सारखे भरले की ताण संपतो आणि गळती थांबते. कात्सुमी मात्सुझाकी यांच्या गटाने १९९०च्या दशकात मॅगेनिनवरच हे दाखवलं. तीच क्युव्हेट (मोजणीची पारदर्शक नळी) घेऊन पेप्टाइडचा दुसरा डोस घाला, आलेख पुन्हा चढायला हवा.

तांबडमाती यांचं उत्तर:

त्याआधी ते ८ टक्के बघा. ७० मिलिमोलर कॅल्सीन सोडियम हायड्रॉक्साइडने विरघळवलं की आत क्षार भरपूर होतात. बाहेरच्या बफरमध्ये तेवढं मीठ नसेल तर पाणी आत घुसतं, लायपोसोम फुगतात आणि गळतात. ऑस्मोमीटरवर (विरघळलेल्या कणांचं प्रमाण मोजणाऱ्या यंत्रावर) दोन्ही बाजू मोजून जुळवा. पेप्टाइडचा दाट थेंब एका जागी टाकत असाल तर तेही टाळा, त्या थेंबाजवळच्या लायपोसोमांना सगळं मिळतं. ढवळणारं मॅग्नेट फिरत राहू द्या.

आणि ४० टक्के म्हणजे नक्की काय? प्रत्येक लायपोसोम थोडा थोडा गळला, की दहातले चार पूर्ण रिकामे झाले? आलेख दोन्हींचा सारखाच दिसेल. आडवा झाल्यावरचं मिश्रण सेफाडेक्स जी-५०च्या (आकारानुसार कण वेगळे करणाऱ्या) कॉलममधून सोडा. लायपोसोमचा नारिंगी-तपकिरी पट्टा आधी उतरतो, सुटा हिरवट रंग मागून. पट्टा गोळा करून ट्रायटनआधी आणि ट्रायटननंतर मोजा. उरलेल्या लायपोसोममधला रंग ताज्याइतकाच दाट असेल तर रिकामे झालेले पूर्ण रिकामे झाले. मात्र ७० वरून ४० मिलिमोलरवर आला तरी कॅल्सीन बरंचसं मंदच राहतं, म्हणून ३०, ४०, ५० मिलिमोलर भरलेले लायपोसोमही तुलनेला करा. नाहीतर फरक हाती लागणार नाही.

धागाकर्ती (प्रश्न विचारणारी):

दोघांचेही मनापासून आभार! आज दुपारी दुसरा डोस घातला. ४० वरून ५८ पर्यंत चढला आणि पुन्हा आडवा. क्युव्हेटपाशी उभी राहून आकडा वर सरकताना बघत होते, फार बरं वाटलं.

बाहेरच्या बफरमध्ये मीठ खरंच कमी होतं. ते जुळवून पीसीचा प्रयोग उद्या सकाळी पुन्हा लावते. जी-५०ची पावडर आत्ताच भिजत घातली आहे. कॉलमचे आकडे आले की इथेच टाकते.