रॅड, ग्रे, सीव्हर्ट: ‘मात्रा’ नेमकी कोणती?

प्रश्न

आत्याचे रेडिएशन सुरू आहे. तिच्या उपचारपत्रावर ‘5000 सेंटीग्रे, 25 फ्रॅक्शन’ असे लिहिले आहे आणि डॉक्टर तोंडी ‘50 ग्रे’ म्हणतात. घरातल्या एका जुन्या पुस्तकात अशाच उपचाराला ‘5000 रॅड’ म्हटले आहे, आणि बातम्यांत पाहावे तर सगळीकडे मिलीसीव्हर्ट. हे सगळे एकच आहे का? मराठीत सरसकट ‘किरणोत्सर्गाची मात्रा’ म्हटले तर चालेल का?

उत्तर

तुमचे पहिले तीन आकडे एकाच मात्रेचे आहेत. रॅड हे 1953 सालचे एकक. एक ग्रॅम पदार्थाने 100 अर्ग ऊर्जा शोषली की एक रॅड. पुढे 1975 साली ‘ग्रे’ आला, ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ लुई हॅरल्ड ग्रे यांच्या नावाचा. किलोमागे एक ज्यूल ऊर्जा म्हणजे एक ग्रे. हिशोब केला की 1 ग्रे = 100 रॅड निघतात, म्हणजे 1 सेंटीग्रे बरोबर 1 रॅड. किरणोपचार विभागांत सेंटीग्रे अजून टिकून आहे तो यामुळेच. जुन्या कागदावरचे रोजचे 200 रॅड नव्या कागदावर 200 सेंटीग्रे होतात, आकड्याला हात लावावा लागत नाही. आत्यांना रोज 2 ग्रे, असे 25 वेळा (हेच ते 25 फ्रॅक्शन), एकूण 50 ग्रे.

सीव्हर्टचे तसे नाही. ग्रे सांगतो की ऊर्जा किती शोषली गेली. सीव्हर्ट सांगतो की त्यातून माणसाला धोका किती. त्यासाठी ग्रेच्या आकड्याला किरणांच्या प्रकारानुसार गुणावे लागते. क्ष-किरण, गॅमा आणि इलेक्ट्रॉन यांना 1 ने, अल्फा कणांना 20 ने. शिवाय शरीराच्या कोणत्या अवयवाला किरण लागले हेही धरावे लागते. त्यामुळे ‘1 ग्रे म्हणजे 1 सीव्हर्ट’ असे कोणी ठोकून सांगितले तर आधी विचारा: कोणते किरण, आणि शरीराच्या कोणत्या भागाला?

हे मुद्दाम लांबवून सांगतोय, कारण घरची माणसे इथेच घाबरतात. निसर्गातून माणसाला वर्षाला सरासरी 2.4 मिलीसीव्हर्ट मिळतात असे वाचायचे, मग 50 ग्रेचे 50,000 मिलीसीव्हर्ट करायचे आणि भागाकार मांडून बसायचे. कृपा करून असे करू नका. सबंध शरीराला एका दमात 4-5 ग्रे मिळाले तर जीवावर बेतते, हे खरे. पण आत्यांचे 50 ग्रे गाठीच्या जागेपुरते आहेत आणि पाच आठवड्यांत विभागून दिलेले आहेत. मधल्या वेळात निरोगी पेशी सावरतात, उपचाराची सगळी मांडणीच त्यावर बेतलेली असते.

आणखी एक उत्तर

शब्दाबद्दल लिहितो. विश्वकोशाच्या वळणाने ‘प्रारण’ म्हणजे रेडिएशन, आणि ‘किरणोत्सर्ग’ हा अणूतून आपोआप किरण बाहेर पडण्याचा गुणधर्म. वर्तमानपत्रांनी दोन्हीला किरणोत्सर्गच करून टाकले आहे. आत्यांचा उपचार लिनॅकवर, म्हणजे विजेवर चालणाऱ्या यंत्रावर होत असेल, तर तिथे किरणोत्सर्गी पदार्थच नाही. यंत्र बंद, की किरण बंद. आत्यांजवळ नातवंडांना बसू द्यायला काहीच हरकत नाही. म्हणून मी ‘शोषित मात्रा’ लिहीन आणि ती ग्रेमध्येच देईन. सीव्हर्टसाठी ‘सममूल्य मात्रा’ वेगळी ठेवीन. नुसत्या ‘मात्रा’ने घोटाळा होतो, कारण वाचणाऱ्याला ती चाटणाची मात्रा वाटते.

बोलीभाषेत याला ‘शेक घेणे’ म्हणणारेही भेटतात. शब्द जिव्हाळ्याचा आहे, पण त्यातून भाजण्याची कल्पना डोक्यात बसते. एका दिवसाच्या 2 ग्रेने पाणी अर्ध्या सहस्रांश अंशानेसुद्धा तापत नाही. किरणांचे काम उष्णतेचे नाही, पेशीतल्या डीएनएची साखळी तोडण्याचे आहे.

पुरवणी, निफाडकडून

आमच्या लासलगावात कोबाल्ट-60 या किरणोत्सर्गी पदार्थावर चालणारे विकिरण केंद्र आहे, म्हणजे मालावर किरण सोडायचे ठिकाण. कांद्याला कोंब फुटू नयेत म्हणून 60 ते 90 ग्रे देतात. अमेरिकेला जाणाऱ्या आंब्याला किमान 400 ग्रे लागतात, ते किडीसाठी. दवाखान्यातल्या सिरिंजा वगैरे निर्जंतुक करायच्या तर 25 किलोग्रे. यात सीव्हर्ट कुठेच येत नाही, कारण सीव्हर्ट माणसापुरता आहे. कांद्याच्या ‘मिलीसीव्हर्ट’चे फॉरवर्ड फिरताना दिसले तर खुशाल खोडून काढा.

प्रश्नकर्तीकडून

खूप आभार, घरात सगळ्यांना वाचून दाखवले. एक राहिले. त्याच पुस्तकात ‘रेम’ आणि ‘रोंटजेन’ही आहेत.

उत्तर

ताई, रॅडचे ग्रेशी जे नाते, तेच रेमचे सीव्हर्टशी. 100 रेम = 1 सीव्हर्ट, म्हणून 1 रेम = 10 मिलीसीव्हर्ट. किरणांपाशी काम करणारे कर्मचारी छातीला किरण मोजणारा बॅज लावतात, त्यांची मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला 20 मिलीसीव्हर्ट आहे. जुन्या भाषेत 2 रेम.

रोंटजेन मात्र शोषित मात्रेचे एकक नाहीच. क्ष-किरणांनी किंवा गॅमा किरणांनी हवेत किती विद्युतभार मोकळा केला, ते त्याने मोजतात. 1 रोंटजेनला हवेत साधारण 0.88 रॅड आणि मऊ ऊतींत 0.96 च्या आसपास पडतात. जुनी माणसे सरळ एकास एक धरत. अंदाजाला ते चालते, उपचाराच्या कागदावर नाही.

आणि लिहिताना ‘मि.’, ‘मा.’ असे तोडू नका. मिली आणि मायक्रो यांत हजारपटीचे अंतर आहे, पूर्ण शब्द लिहा. ग्रे आणि रॅड दोन्ही पुल्लिंगी चालवा, मीटरसारखे: एक ग्रे दिला, दोन ग्रे दिले, पन्नास ग्रेची मात्रा.