व्हिडिओवरून काढलेलं त्वरण इतकं दातेरी का येतं?

क्रँकवाला
मोटरने फिरणारा क्रँक कनेक्टिंग रॉडमधून एक स्लायडर मागेपुढे सरकवतो, त्या स्लायडरचं त्वरण काढतोय. क्रँक ५० मिमी, कनेक्टिंग रॉड २०० मिमी, मोटर १२० आरपीएम. स्लायडरवर काळा-पांढरा मार्कर, फोनवर २४० फ्रेम प्रतिसेकंद, मग ‘ट्रॅकर’ या व्हिडिओ-विश्लेषणाच्या सॉफ्टवेअरमध्ये ऑटोट्रॅक (ते मार्करचं स्थान फ्रेमगणिक आपोआप टिपतं). विस्थापनाचा आलेख गुळगुळीत आहे, त्वरणात मात्र शंभर-शंभर मी/से² चे काटे. गणिताने कमाल ९.९ यायला हवं. २१ बिंदूंची सरासरी लावली तर टोक ९ वर घसरतं आणि आलेख तरीही थरथरतो. यंत्र बंद असताना मार्करच्या स्थानाचं प्रमाण विचलन ०.५ मिमी येतं. कॅमेरा बदलावा का?

दुसरा_अवकलज
कॅमेरा राहू द्या. त्वरण काढताना शेजारच्या तीन स्थानांचा फरक फ्रेमच्या कालावधीच्या वर्गाने भागला जातो, म्हणजे इथे ५७,६०० ने गुणला जातो. √६ × ०.०००५ × ५७,६०० करून बघा, जवळपास ७० मी/से² नुसता नॉइज, म्हणजे मोजमापातली थरथर. फ्रेमरेट दुप्पट केलात आणि फिल्टर नसेल तर तो चौपट होईल.

आधी स्थानावर लो-पास फिल्टर (फक्त संथ बदल जाऊ देणारी गाळणी) लावा, अवकलन नंतर. दुसऱ्या ऑर्डरचा बटरवर्थ (अशाच फिल्टरचा एक प्रकार) एकदा पुढून, एकदा मागून चालवा, म्हणजे आलेख काळात सरकत नाही. दोनदा चालवल्यामुळे कटऑफ (ज्या वारंवारतेच्या वरचं फिल्टर कापतो ती) खाली येतो, त्यामुळे हवा तो आकडा ०.८०२ ने भागून द्यायचा: ८ हर्ट्झ हवे तर कोडमध्ये १०. (हे बहुतेक जण विसरतात.)

८ च का? तुमची गती २ हर्ट्झची, रॉडच्या तिरपेपणामुळे ४ हर्ट्झचा दुसरा हार्मोनिक (दुप्पट वारंवारतेचा घटक), त्यापुढचं नगण्य. ८ वर नॉइज ०.३ मी/से² च्या आसपास उरतो आणि टोक ९.८ राहतं. १२ वर नॉइज ०.८ होतो. सरासरी ४ हर्ट्झचा जवळजवळ पाचवा भाग खाते, म्हणून तुमचं टोक घसरलं. फिल्टर दोन्ही कडांना वाकडं काढतो, तेव्हा मागेपुढे एकेक फेरा जास्त चित्रित करून फेकून द्या.

शटर_२०००
शटरही बघा, म्हणजे एका फ्रेमला प्रकाश किती वेळ आत येतो ते. स्लायडर मधोमध ०.६५ मी/से वेगाने जातो. १/२४० सेकंदावर मार्कर २.७ मिमी पसरतो, १/२००० वर ०.३. त्यासाठी भरपूर प्रकाश लागेल, आणि तो डीसीवर चालणारा दिवा असावा, नाहीतर लुकलुक दिसते. फोनचं स्लो-मोशन कधी ३० फ्रेमची फाइल म्हणून वाचलं जातं. मग वेळ आठपट लांबतो आणि त्वरण ६४ पट कमी!

क्रँकवाला
काटे गेले, आभार. पण टॉप डेड सेंटरला (स्लायडर क्रँकपासून सर्वात लांब) १०.१ आणि बॉटमला (सर्वात जवळ) ६.१ येतंय. गणित म्हणतं ९.९ आणि ५.९.

दुसरा_अवकलज
कटऑफ फार खाली असता तर दोन्ही आकडे ७.९ कडे सरकले असते. इथे दोन्ही एकाच प्रमाणात फुगलेत, म्हणजे मोजपट्टी किंवा वेळ चुकतेय. व्हिडिओत स्ट्रोक (स्लायडरची टोकापासून टोकापर्यंतची हालचाल) किती येतो? तो १०० मिमीच असायला हवा.

क्रँकवाला
१०३. मोजपट्टी मागच्या पाट्यावर आहे, मार्कर तिच्यापुढे साधारण ४५ मिमी. पाट्यापासून कॅमेरा १.५ मी.

शटर_२०००
४५ ÷ १४५५ (१५०० − ४५), तीन टक्के, हिशोब तंतोतंत जुळला. मोजपट्टी मार्करच्याच प्रतलात धरा, किंवा स्ट्रोकवरूनच स्केल ठरवा. कॅमेरा लांब नेऊन ऑप्टिकल झूम केल्याने फरक कमी होतो, जात नाही. फ्रेमच्या कडेला मात्र स्लायडर नेऊ नका, तिथे लेन्स रेषा वाकवते.

क्रँकवाला
हेच ८ हर्ट्झ चालणाऱ्या माणसाच्या गुडघ्याला चालेल?

दुसरा_अवकलज
चालण्याच्या कोनासाठी ६ हर्ट्झ प्रचलित आहे. टाच जमिनीला लागतानाचा धक्का मात्र त्यात पुसला जातो, तो हवा असेल तर जास्त कटऑफ आणि सेगमेंटवर (पायाच्या त्या भागावर) ॲक्सेलरोमीटर, म्हणजे त्वरण थेट मोजणारा सेन्सर. मांडीवरचा मार्कर त्वचेसोबत सरकतो, आणि ती हालचाल चालण्याच्याच वारंवारतेत असते, त्यामुळे फिल्टरने सुटत नाही. मार्कर हाडाच्या उंचवट्यावर लावा.